दारू सोडणाऱ्यांचा गट आपल्या गावाजवळ कसा शोधायचा

नंबर माझ्या पाकिटात चार महिने पडून होता. ताईने मेडिकलच्या बिलामागे लिहून दिलेला, घडी घालून आधार कार्डामागे सरकवलेला. त्या चार महिन्यांत मी तीनदा दारू सोडली. एकदा गणपतीत, एकदा मुलीच्या वाढदिवसाला, एकदा रात्री छाती धडधडायला लागली म्हणून. तिन्ही वेळा एकट्याने, घरात कुणाला न सांगता. सगळ्यांत जास्त टिकली ती अकरा दिवस. मग एका सोमवारी सकाळी मी तो कागद उलगडला. त्याला आता नऊ वर्षं झाली.

या नऊ वर्षांत ओळखीचे, अनोळखी असे कितीतरी लोक हळू आवाजात एकच विचारत आले: 'आमच्या बाजूला असं काही आहे का हो?' बहुतेक वेळा असतं. पण त्याची पाटी नसते, जाहिरात नसते, आणि शेजारी राहणाऱ्यालाही ते माहीत नसतं. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय. दारू सोडणं मला एकट्याला तीनदा जमलं. सोडलेली राखणं एकदाही जमलं नाही. राखायला माणसं लागली, आणि तीही याच वाटेने ठेचकाळत आलेली.

आपल्याला गटाची गरज आहे का, या प्रश्नावर फार दिवस घालवू नका. 'मी श्रावण कडक पाळतो, म्हणजे दारू माझ्या ताब्यात आहे' हे मीही सांगायचो. श्रावण पाळायचो खरा, पण गटारीला पोट भरून घ्यायचो आणि पुढचा महिना दिवस मोजत काढायचो. ज्याच्या ताब्यात दारू असते तो दिवस मोजत नाही.

आधी डॉक्टर, मग सभा

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका, कारण इथे जीव जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देता यावं म्हणून स्वतःला कायम ताणून ठेवायला शिकलेला असतो. दारू एकाएकी बंद केली की तो ताण मोकाट सुटतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, घरातलं माणूस ओळखू येत नाही, ताप चढतो. आपल्याकडे याला 'बाहेरचं लागलं' म्हणून देवऋष्याकडे नेतात आणि मोलाचे तास वाया घालवतात. ही रुग्णालयात दाखल करायची वेळ असते.

सकाळी हात थरथरतात आणि एक नाइन्टी घेतली की थांबतात, पूर्वी कधी फिट आली आहे, कावीळ झाली आहे, यातलं एकही लागू असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या सरकारी मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग चालतो. मुंबईत केईएम, नायर, शीव, पुण्यात ससून आहे. तिथे केसपेपर काढून 'दारू बंद करायची आहे' एवढं सांगितलं तरी पुरतं. थोडे दिवस थरथर आणि फिट रोखणारी औषधं देतात, ती हळूहळू कमी करतात, आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. गल्लीतल्या दवाखान्यात नुसती ग्लुकोजची बाटली लावून घेण्याची आपल्याला सवय आहे. वर्षानुवर्षं नीट न जेवलेल्या पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ संपत आलेलं असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बाटली लावणारच असतील तर 'आधी बी-१ द्याल ना?' हे विचारा. विचारायला लाजू नका.

औषधं चालू असतानाही सभेला जाता येतं. मी चौथ्या दिवशी गेलो.

कोणकोणते गट असतात

सगळ्यांत जास्त पसरलेला म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, बोलीत एए. त्याची सुरुवात कशी झाली हे सांगायला हवं, कारण गट शोधण्याची रीत तिथूनच आलेली आहे. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी ओहायो राज्यातल्या ॲक्रन या टायरच्या कारखान्यांच्या गावी गेला होता. पाचेक महिने त्याने दारूला शिवलं नव्हतं. काम फिसकटलं. शनिवारी दुपारी तो हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा होता, बारमधून हसण्याचे आवाज येत होते. तो बारकडे न वळता टेलिफोनकडे वळला आणि गावातल्या धर्मगुरूंना फोन करून विचारू लागला: मला बोलायला एक दारुडा हवा आहे, इथे कोणी आहे का? फोनवरून फोन होत दुसऱ्या दिवशी त्याची गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी. डॉक्टर पंधरा मिनिटंच बसणार होते, सहा तासांवर बसले. १० जून १९३५ ला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच एएचा वाढदिवस मानतात. अनोळखी गावात, तलफ आलेली असताना, फोन लावून दुसरा पिणारा शोधणं: एवढंच त्या माणसाने केलं, आणि तुम्हालाही एवढंच करायचं आहे.

भारतात एए १९५७ पासून आहे. मुंबईत मध्यवर्ती कार्यालय आहे, आणि महाराष्ट्रात शहरोशहरी मराठी, हिंदी, इंग्रजीतून सभा भरतात. फी नाही, नोंदणी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. दारू थांबवायची इच्छा ही एकच अट. प्यायचं थांबलेलं असलंच पाहिजे असंही नाही.

दुसरा प्रकार म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रांच्या पाठपुराव्याच्या सभा. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैशाचं बळ दिलं. तिथून उपचार घेऊन गेलेल्यांसाठी वेगवेगळ्या गावांत पाठपुराव्याची केंद्रं चालतात. तिथे माणसाला पेशंट न म्हणता 'रुग्णमित्र' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं, त्यांच्याकडे एएच्या बारा पायऱ्यांना, म्हणजे दारूशिवाय राहायला शिकवणाऱ्या बारा टप्प्यांना, योगासनांची जोड आहे. साताऱ्यात परिवर्तन आहे. गडचिरोलीत १९९३ पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी दारू आहेच, म्हणून मुक्तिपथ या तिथल्या दारू-तंबाखूविरोधी उपक्रमाने तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस क्लिनिक सुरू केली. विदर्भाच्या त्या टोकाला राहणाऱ्याने नागपूर-पुण्याच्या चौकशीआधी तिथे विचारावं.

तिसरा प्रकार कुठल्याच यादीत नसतो. माळ. आमच्या भागात अनेकांची दारू तुळशीच्या माळेने सुटली आहे. गळ्यात माळ पडली की गाव 'बसायला चल' म्हणत नाही, एकादशीला भजन असतं, आषाढीला दिंडी असते, सोबतीला दहा माणसं असतात. हा आधारगटच आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. माळ घालताना शरीराचे पहिले आठ दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली जाऊ द्या. आणि माळ तुटली, म्हणजे पुन्हा प्यायलात, तर लाजेने त्याच माणसांपासून तोंड लपवावं लागेल का, याचा आधी विचार करा. पुन्हा प्यायलेला माणूस एएच्या खोलीत परत येतो तेव्हा त्याला पाप लागत नाही. भजनी मंडळातही तसं मन असलेली माणसं असतील तर तुमचं नशीब थोर.

पत्ता काढायचा कसा

पहिला फोन १४४४६. ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, फोन मोफत. सरकारी मदतीवर चालणारं जवळचं केंद्र ते सांगतात. रात्री बेचैन व्हायला लागलं, नको ते विचार यायला लागले तर १४४१६ लावा. ती टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

दुसरा फोन एएला. एए इंडियाच्या वेबसाइटवर हेल्पलाइन आणि सभांची यादी असते. मुंबई-पुण्यात तर प्रत्येक वाराची यादी मिळते. पण यादीवर पूर्ण विसंबू नका. सभा शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात भरतात. शाळेच्या परीक्षा आल्या, हॉलला रंग द्यायला काढला, की जागा किंवा वेळ बदलते आणि यादी तशीच राहते. म्हणून निघायच्या दिवशी फोन करून खात्री करा. मी एकदा चाळीस किलोमीटर एसटीने जाऊन कुलूप पाहून परत आलोय. तेव्हा नवा होतो, परत येताना स्टँडसमोरच्या बारपाशी पाय थांबले होते.

तिसरं, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक किंवा समुपदेशक असतात. डॉक्टरांना वेळ नसतो, यांना गावातली सगळी माहिती असते. 'इथे एएची सभा कुठे भरते?' हा प्रश्न त्यांना विचारा. मुंबई, वसई किंवा गोव्यात असाल तर जवळच्या चर्चच्या कार्यालयात विचारा, तुमचा धर्म कोणताही असो. नशाबंदी मंडळ या सरकारी अनुदानावरच्या संस्थेचे जिल्हा पातळीवर कार्यकर्ते असतात, त्यांच्याकडेही चौकशी करता येते. एसटी, रेल्वे, गोदी, मोठे कारखाने इथे नोकरी असेल तर कामगार कल्याण अधिकाऱ्याला विचारता येतं. मात्र आधी ओळखीच्या माणसाकडून अंदाज घ्या. सगळेच अधिकारी तोंड बंद ठेवत नाहीत.

फोनवर काय बोलायचं

मी तीनदा फोन लावून रिंग जायच्या आत कापला होता, म्हणून हे वेगळं लिहितो. फोन सकाळी करा, प्यायच्या आधी. प्यायलेल्या आवाजात केला तरी समोरचा फोन आपटणार नाही, त्याला तो आवाज स्वतःच्या आयुष्यातून माहीत असतो. पण पिऊन केलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला पत्ता आठवणार नाही.

बोलायला एवढं पुरे: 'नमस्कार. मी अमुक गावाहून बोलतोय. मला दारू थांबवायची आहे. जवळची मराठी सभा कुठे आणि कोणत्या वारी असते?' मग कागद-पेन घेऊन पुढचं विचारा. खोली इमारतीत नेमकी कुठे? कारण बाहेर बोर्ड नसतो. सभा ओपन आहे की क्लोज्ड? ओपनला बायको, भाऊ, मित्र कोणीही सोबत येऊ शकतं, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी असते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: 'मला दारात कोणी भेटेल का?' हे विचाराच. फोनवरच्या माणसाने मला सांगितलं, 'शाळेच्या गेटसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे पावणेसातला उभा राहा, मी निळा शर्ट घालून येतो.' तो निळा शर्ट नसता तर मी त्या दिवशी आत गेलो नसतो.

परत येणारी शेवटची बस कितीला आहे तेही आधीच बघून ठेवा. सभा साधारण दीड तास चालते, आणि मधूनच उठून जावं लागलं की पुढच्या वेळी न जायला निमित्त मिळतं.

पहिली सभा

नगरपालिकेची शाळा. पहिलीचा वर्ग. फळ्यावर दिवसाची तारीख आणि खाली 'क, का, कि, की'. बाकं सहा वर्षांच्या पोरांच्या मापाची, माझे गुडघे आत मावेनात म्हणून मी आडवा बसलो. खोलीत चौदा माणसं. मला भीती एकच, कोणी ओळखीचं भेटलं तर? आणि भेटलंच. आमच्या बँकेत पासबुक भरून देणारे गृहस्थ दुसऱ्या बाकावर. इतकी वर्षं मी त्यांच्या खिडकीसमोर रांगेत उभा राहिलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाकावर सरकून जागा केली आणि म्हणाले, 'चहा सभा झाल्यावर असतो, चालेल ना?' बास. पुढे बँकेत भेटले तेव्हाही त्यांनी खिडकीतून फक्त पासबुक दिलं. ज्याची भीती वाटते ती ओळख अशी निघते: तोही तिथे त्याच कारणासाठी आलेला असतो.

सभेचा क्रम साधारण असा. सुरुवातीला दोन मिनिटं शांतता आणि प्रार्थना, मग एएच्या पुस्तकातलं थोडं वाचन, मग एकेक जण बोलतो. 'माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे' म्हणून सुरुवात करतो, सगळे त्याला नावाने नमस्कार करतात, आणि तो स्वतःबद्दल सांगतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, 'तुझं चुकलं' म्हणत नाही. तुम्हाला विचारलं तर 'आज मी फक्त ऐकतो' म्हणा, कोणी आग्रह करत नाही. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो. खोलीचं भाडं, चहा आणि पुस्तकं त्यातून निघतात, बाहेरच्या कुणाची देणगी घेत नाहीत. नवीन माणसाने काही टाकायची गरज नसते. कोणाला वर्ष पूर्ण झालं असेल तर केक असतो, त्याला 'बर्थडे' म्हणतात, आणि पन्नाशीचा माणूस 'आज मी तीन वर्षांचा झालो' असं सांगतो.

प्रार्थना ऐकून माझ्यासारख्या देव न मानणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. बारा पायऱ्यांत 'आपल्याहून मोठी शक्ती' असा उल्लेख येतो. आमच्या गटातल्या एका पुरोगामी विचारांच्या शिक्षकांनी मला सांगितलं, 'मी एकटा हरलो आणि ही चौदा माणसं मिळून टिकली, म्हणजे ही खोली माझ्याहून मोठी शक्ती.' मी आजवर तेवढ्यावरच चाललोय. ज्यांना हेही नको त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरी ही वेगळी पद्धत आहे. त्यात देव नाही, विचारांच्या सवयी बदलण्यावर भर आहे. ऑनलाइन सभा बहुतेक इंग्रजीत असतात, इंग्रजी चालत असेल तर बघा.

खरं काम सभा संपल्यावर टपरीवर होतं. लगेच घरी पळू नका. तीन माणसांचे फोन नंबर घ्या, आणि दुसऱ्याच दिवशी तलफ नसताना त्यातल्या एकाला फोन करा. 'काही नाही, सहज केला' म्हणा. तलफ चढल्यावर पहिल्यांदाच फोन करायला माणसाचा हात उठत नाही, हाताला ती सवय आधी लावावी लागते.

हा गट आपला की नाही

एका सभेवरून ठरवू नका. सहा सभा, जमल्यास दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या. प्रत्येक खोलीचा स्वभाव वेगळा असतो. एका खोलीत सगळे निवृत्त, दुसरीत रिक्षावाले आणि कॉलेजची मुलं शेजारी. माझी पहिली खोली मला रुक्ष वाटली, दुसरीत गेलो ती अजून सुटलेली नाही. सुरुवातीला शक्य तितक्या सभा करा. जुने लोक नव्वद दिवसांत नव्वद सभा सांगतात. तालुक्यात राहणाऱ्याला ते शक्य नसतं, पण आठवड्यातली एक प्रत्यक्ष आणि बाकीचे दिवस ऑनलाइन, असं जुळवता येतं. कोविडपासून मराठी ऑनलाइन सभाही भरू लागल्या, दुबईत किंवा न्यू जर्सीत असलेल्या मराठी माणसाला तोच मोठा आधार आहे.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र त्या खोलीत पुन्हा जाऊ नका. कोणी पैसे उसने मागणं, पॉलिसी किंवा स्कीम गळ्यात मारणं. मानसोपचाराच्या गोळ्या 'याही नशाच' म्हणून बंद करायला सांगणं. हे डॉक्टरशिवाय कोणीही सांगू नये. इथे ऐकलेलं बाहेर बोलणं. नवीन आलेल्या बाईच्या मागे लागणं. अशा वेळी गट वाईट म्हणून घरी बसायचं नाही, दुसरी खोली शोधायची.

काही महिन्यांनी एक स्पॉन्सर निवडतात, म्हणजे आपल्या आधीपासून दारूशिवाय असलेला आणि पायऱ्या समजावणारा माणूस. पुरुषाने पुरुष, बाईने बाई निवडावी. ज्याचं बोलणं छान त्याच्यापेक्षा ज्याचं घर सावरलेलं दिसतं तो निवडा.

याचा उपयोग होतो का, असं डॉक्टर मंडळीही विचारतात. २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र तपासली. एएची वाट नीट धरून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीस तोड निघाले, आणि पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत सरस. सगळ्यांची सुटते असा त्याचा अर्थ नाही. औषधं, समुपदेशन आणि गट हे एकमेकांच्या आड येत नाहीत, तिन्ही एकत्र चालू द्या.

घरच्यांसाठी

ताईने मला नंबर दिला त्याच आठवड्यात ती स्वतः अल-ॲनॉनच्या सभेला गेली होती, हे मला वर्षभराने कळलं. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीची ही संघटना अमेरिकेत १९५१ मध्ये बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी मैत्रिणीसोबत सुरू केली. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. पिणारा तयार होवो न होवो, घरच्यांनी आधी स्वतः जावं. ताई तिथून माझ्यासाठी खोटं बोलायचं थांबायला शिकून आली. माझ्या ऑफिसात 'त्याला ताप आलाय' असे फोन जायचे बंद झाले, आणि तेव्हाच मला पहिल्यांदा भीती वाटली.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. 'न सांगता दारू सोडवा' असल्या जाहिरातींतली पुडी भाजीत, चहात मिसळू नका. त्यात बऱ्याचदा काय आहे ते कोणालाच माहीत नसतं. डायसल्फिराम हे खरं औषधही लपवून देऊ नका. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, हृदय कमजोर असेल तर माणूस दगावतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ते घेणाऱ्याला पूर्ण कल्पना देऊन आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचं औषध आहे, आणि तसं घेतलं तर अनेकांना उपयोगी पडतं.

दुसरं, रात्री गाडी घेऊन येऊन माणसाला उचलून नेणाऱ्या केंद्रांपासून लांब राहा. माझ्या एका मित्राला असं नेलं होतं. तीन महिन्यांनी परत आला तेव्हा त्याच्या घोट्यावर साखळीचा वण होता, आणि घरी आल्या आल्या त्याने पहिली गोष्ट केली ती पिण्याची. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणे दारूचं व्यसन मानसिक आजारात धरलं जातं. केंद्राची नोंदणी हवी, साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे, आणि संमतीशिवाय दाखल करायला ठरलेली वैद्यकीय पद्धत आहे. दाखल करण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा. मानसोपचारतज्ज्ञ कितीदा येतात, घरच्यांना कधी भेटता येतं, आणि बाहेर आल्यावर पाठपुराव्याची सभा कुठे असते, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसलेल्या केंद्रात पैसे घालू नका.

बायकांनी कुठे जायचं

बायका पितात हे आपण मान्यच करत नाही, म्हणून त्या खूप उशिरा येतात. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने जाणं अवघड आहे, ते अवघड वाटण्यात काही चूक नाही. हेल्पलाइनवर 'मला एखाद्या बाईशीच बोलायचं आहे' असं स्पष्ट सांगा. पहिल्या वेळी ओपन सभेला बहीण किंवा मैत्रीण सोबत न्या. ऑनलाइन सभेत कॅमेरा बंद ठेवून सुरुवात करता येते. दाखल व्हायची गरज असेल तर मुक्तांगणचा 'निशिगंध' हा विभाग खास स्त्रियांसाठी आहे.

पुन्हा प्यायलात तर

पहिल्या वर्षात मी दोनदा प्यायलो. एकदा चुलतभावाच्या लग्नात वरातीत, एकदा काहीही कारण नसताना. याला गटात 'स्लिप' म्हणतात. दुसऱ्या वेळी मी तीन आठवडे सभेला गेलो नाही, तोंड कसं दाखवायचं म्हणून. शेवटी गेलो तर निळ्या शर्टवाल्यांनी विचारलं, 'जेवलास का?' एवढंच. स्लिप झाली तर त्याच दिवशी तीन नंबरांपैकी एकाला फोन करा. थरथर जास्त असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे. दिवस पुन्हा एकपासून मोजायचे, पण शिकलेलं पुसलं जात नाही.

जवळ गटच नसेल तर

तालुक्यात काहीच नाही असं दोन-तीन महिने खात्रीने दिसलं, आणि तुम्हाला दारूशिवाय थोडे महिने झालेले असले, तर गट सुरू करा. एएमध्ये दोन मद्यपी दारूशिवाय राहण्यासाठी नेमाने भेटले तरी तो गट होतो. जिल्ह्याच्या गटाला सांगा, ते पुस्तकं देतात आणि पहिल्या काही सभांना माणूस पाठवतात. जागेसाठी मुख्याध्यापक, ग्रामपंचायत किंवा वाचनालय यांना भेटा, भाडं थोडं का होईना देतो म्हणा. फुकटची जागा कधीही जाते. वार आणि वेळ ठरली की ती पावसातही पाळा, कारण कोणीतरी चार महिने विचार करून त्या दिवशी येणार असतं आणि दाराला कुलूप दिसलं तर पुन्हा येणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात, सरकारी दवाखान्यात, पोलीस ठाण्यात आणि औषधांच्या दुकानांत एक साधा कागद देऊन या: वार, वेळ, जागा, एक फोन नंबर. नावं लिहू नका.

आमच्या तालुक्यातला गट असाच सुरू झाला, गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. पहिले सात गुरुवार आम्ही दोघंच होतो. एकमेकांसमोर बसून आळीपाळीने वाचायचो, बोलायचो, साडेआठला दिवा बंद करून किल्ली खाली द्यायचो. आठव्या गुरुवारी जिन्यावर पावलं वाजली, थांबली, परत दोन पायऱ्या उतरली. माझा जोडीदार उठून जिन्यापाशी गेला आणि वरूनच म्हणाला, 'या, इथेच आहे.'